आतलं तापमान

रुचीनं फोनवर सहज विचारलं होतं, "आबा, यंदा पंचाहत्तर पूर्ण. काय पाठवू?" शाल नाहीतर स्वेटर असं काहीतरी सांगतील, आपण ऑनलाइन मागवून मोकळ्या होऊ, असा तिचा अंदाज. पण कृष्णराव जणू विचारण्याचीच वाट बघत बसले होते. म्हणाले, "मला ते हवामान मोजायचं यंत्र पाहिजे. घरगुती. छतावर दांडा, त्यावर वाऱ्याच्या वाट्या, पाऊस मोजायचं भांडं, आणि आकडे बघायला घरात एक डबा. मिळतं म्हणे आजकाल."

रुचीला हसूच आलं. पण मागणी तशी आबांना शोभणारी होती. सिंचन खात्यात लागले तेव्हा पहिली काही वर्षं ते गंधवानीकडच्या एका तलावावर होते, आणि रोज सकाळी उठून पाऊस मोजायचा हे त्यांचं काम होतं. काम सुटलं, सवय सुटली नाही. निवृत्त झाल्यावर धारच्या घराच्या गच्चीवर त्यांनी काचेचं एक मापक लावलं होतं. पावसाळ्यात शेजारचे लोक रस्त्यातून ओरडून विचारत, "क्यों बाबूजी, कितना गिरा?" आणि आबा गच्चीवरून इंच सांगत. मागच्या वर्षी माकडांनी ते मापक फोडलं. तेव्हापासून कोणी विचारलं तर "मोबाइल में देख लो भिया" असं म्हणून ते आत निघून जात.

मग यंत्र निवडायचं काम सुरू झालं आणि रुचीला वाटलं, हे आधीच का नाही केलं आपण! आई गेल्यापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे जेवलात का, औषध घेतलं का, आणि बाकी सब ठीक. आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायला लागला. ती देवासच्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत कपड्यांच्या घड्या घालता घालता हिंदी व्हिडिओत ऐकलेलं सांगायची, ते तिकडून शंका काढायचे. वाऱ्याची दिशा दाखवणारी पत्ती नुसती प्लास्टिकची आहे का? मे महिन्यात वाकेल. तापमानाच्या सेन्सरवर पांढरं झाकण आहे का? नाहीतर तो ऊन मोजेल, हवा मोजणार नाही. सासूबाई, सीताबाई, आतून ऐकत असायच्या. एकदा म्हणाल्या, "एवढं तर तू पोरीच्या, शिवांगीच्या कोचिंगची निवड करताना नाही केलंस."

शेवटी तीन यंत्रं उरली. पहिलं स्वस्त. त्याला रंगीत पडदा मोठा होता, पण पावसाचं भांडंच नव्हतं. आबांनी ते एका वाक्यात निकालात काढलं, "ते घड्याळ आहे, हवामान केंद्र नव्हे." दुसऱ्यात वारा, पाऊस, सगळं होतं, आकडे त्या डब्यावर दिसायचे आणि तिथंच राहायचे. तिसरंही तसंच, पण वाय-फायवालं. त्याचे आकडे मोबाइलवर कुठंही बसून बघता येत.

"हेच घेऊ," रुची म्हणाली. "तुमच्याकडे पाऊस पडला की मला इथं देवासला कळेल. वाचून दाखवू का? बाहेरचं तापमान, आतलं तापमान, दमटपणा..."

"आतलं म्हणजे?"

"डब्यातच एक सेन्सर असतो ना आबा. डबा ज्या खोलीत, त्या खोलीचं तापमान."

 कृष्णराव म्हणाले, "आतलं मोजायला यंत्र कशाला लागतं? ते अंगाला कळतंच. तू दुसरं घे. मला काही जगाला दाखवायचं नाहीये."

"जगाला कुठं? मला."

"दुसरंच घे, रुचे."

रुचीला वाटलं, पैशाकडे बघतायत. आबांचा तो स्वभावच होता. दुकानात दोन वस्तू ठेवल्या की हात आपोआप स्वस्तातल्या वस्तूकडे जायचा. तिनं दोन-तीन दिवस समजावलं, थोडी रुसली, "माझ्यासाठी एवढंही नाही का" असं म्हणाली, तेव्हा ते थकल्यासारखे म्हणाले, "घे बाई. तुझी मर्जी." आणि तिनं तिसरं मागवलं. मागवल्याचा आनंद तिला असा झाला की त्या दिवशी तिनं शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना फोटो दाखवला. आपण मुलगी म्हणून काहीतरी केलं, असं तिला फार दिवसांनी वाटत होतं.

यंत्र धारला पोचलं. तिचा दादा, पीयूष, यानं इलेक्ट्रिशियन बोलावून एका रविवारी गच्चीच्या कठड्याला पाइप बांधून ते लावलं आणि फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. फोटोत आबा पाइपला हात लावून उभे होते, लग्नातल्या फोटोत उभे राहतात तसे. खाली पीयूषनं लिहिलं होतं, "धार का मौसम विभाग." सगळ्यांनी अंगठे दिले. रुचीच्या मोबाइलवर त्याच संध्याकाळी आकडे यायला लागले. वारा पश्चिमेचा, मंद. बाहेर एकेचाळीस. तिनं नवऱ्याला, अंशुलला, फोन त्याच्या नाकासमोर धरून दाखवलं.

"सही है," तो म्हणाला, आणि मग, "आत त्रेचाळीस कसं काय दाखवतंय?"

रुचीनं बघितलं. खरंच, आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा जास्त होतं.

आबांची खोली म्हणजे खालची, पुढची. कडुलिंबाची सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्यावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी भावंडं तिथं फरशीवर ओली चादर टाकून झोपायची. तिथं त्रेचाळीस कधी होणं शक्यच नव्हतं. तिनं आबांना फोन लावला. "आबा, डबा उन्हात ठेवलाय का तुम्ही?"

"हो, हो. खिडकीत आहे. सरकवतो."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याहून वर. सूर्य मावळला, बाहेरचा आकडा भराभर उतरला, पण आतला जागचा हलेना. रुचीनं पुन्हा फोन केला, आबा पुन्हा म्हणाले, सरकवतो. तिला राग यायला लागला. एवढं निवडून, पारखून घेतलेलं यंत्र, आणि म्हातारपणी साधा एक डबा नीट ठेवत नाहीत! तिनं कंपनीच्या नंबरवर फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, सेन्सर में प्रॉब्लम हो सकता है, हम रिप्लेस कर देंगे. बस एक बार कन्सोल दूसरे कमरे में रखवाके देख लीजिए."

तेव्हा तिनं पीयूषला फोन लावला. तो दुकानात होता, मागे गिऱ्हाइकांचा आवाज.

"दादा, एक काम कर ना. तो डबा आबांच्या खोलीतून काढून जरा तुमच्या खोलीत ठेव. तिथं त्याला ऊन लागतंय वाटतं. चुकीचं दाखवतंय."

"ऊन कुठून लागेल यार? वरच्या खोलीची खिडकी तर उत्तरेला आहे."

"वरच्या?"

 पीयूष घाईनं म्हणाला, "गिऱ्हाईक आहे, नंतर करतो," आणि फोन ठेवला.

रुची मोबाइल हातात धरून उभी राहिली. वरची खोली. गच्चीवर जिन्याच्या तोंडाशी बांधलेली, पत्र्याची. आई तिच्यात पापड-कुरडयांचे डबे ठेवायची आणि दुपारी तिथं जायला मुलांना बंदी होती, भोवळ येईल म्हणून.

ती दुसऱ्याच दिवशी निघाली. शाळेला सुट्टी लागून पंधरवडा होऊन गेला होता. या पंधरवड्यात धारला जायचं तिच्या मनात दोनदा आलं होतं आणि दोनदा राहिलं होतं, एकदा शिवांगीच्या कोचिंगमुळे, एकदा सीताबाईंच्या गुडघ्यामुळे. देवासहून इंदूर, इंदूरला गंगवालच्या स्टँडवर बस बदलून धार. बसच्या खिडकीतून लू आत येत होती. शेजारच्या बाईनं ओला टॉवेल डोक्यावर घेतला होता, त्याचं एक टोक तिनं न विचारताच रुचीच्या डोक्यावर टाकलं.

घराचं फाटक उघडलं तर समोरच्या भिंतीवर बोर्ड. ऋतिका ब्युटी पार्लर, केवळ महिलांसाठी. आबांच्या खोलीच्या खिडकीला काळी काच, खाली एसीचं पाणी ठिबकत होतं. दार ढकललं तर गार हवेचा झोत अंगावर आला. आत दोन बायका चेहऱ्याला काहीतरी फासून डोळे मिटून पडल्या होत्या. ऋतिका, तिची वहिनी, हातातला दोरा तसाच ठेवून उठली.

"वन्सं! अहो, कळवायचं तरी."

"आबा कुठंयत?"

"वर आहेत. बसा तर खरं, पाणी देते."

रुची बसली नाही. जिना चढताना कठड्याला हात लावला तर चटका बसला. वरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आबा बनियनवर, खाटेच्या कडेला बसलेले. भिंतीशी आईची जुनी ट्रंक, तिच्यावर औषधं. टेबल पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता. आणि पंख्याशेजारी स्टुलावर, पुसून स्वच्छ ठेवलेला, तो डबा. बाहेर त्रेचाळीस, आत पंचेचाळीस. उन्हाची तिरीपसुद्धा त्याच्यावर नव्हती.

तिला बघून ते उठले नाहीत. आधी त्यांनी खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला, बटणं लावली, सगळी.

"कधीपासून आबा?"

"संक्रांतीनंतर. थंडीत छान ऊब होती इथं."

"आणि व्हिडिओ कॉलवर रोज खाली ओट्यावर बसलेले दिसायचात ते?"

"तिथं रेंज येते," ते म्हणाले.

रुचीच्या तोंडून पुढं जे निघालं ते जिन्यावरून खाली, अंगणात, पार्लरपर्यंत गेलं. पीयूषला फोन गेला असावा, तोही दुकान सोडून आला. ऋतिका वर आली, घामानं डबडबली. पार्लरमधल्या बायका अर्ध्या पुसलेल्या तोंडानं फाटकातून निघून गेल्या.

"बापाला पत्र्याखाली भाजायला ठेवलंत आणि खाली परक्या बायकांना एसी?" रुची म्हणाली. "लाज नाही वाटली दादा?"

"ओरडू नको," पीयूष म्हणाला. "तुला काय माहीत इथलं? दुकानाची हालत माहिती आहे? तिचं पार्लर चाललं म्हणून आमचा शौर्य शिकतोय. बाजारात जागा घ्यायची ऐपत नाही. आणि आबाच म्हणाले, मी वर जातो. विचार त्यांना."

"ते म्हणाले आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

"वन्सं," ऋतिका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "पावसाळ्याआधी पत्र्याखाली थर्माकोल लावायचं ठरलंय. दुपारी मी त्यांना म्हणते, आमच्या खोलीत येऊन पडा. ते येत नाहीत. सकाळचा चहा, आंघोळीचं पाणी, रात्रीची गोळी, सगळं मी बघते. तुम्ही काय पाठवलंत? यंत्र."

"मग मी घेऊन जाते त्यांना!"

"ने ना," पीयूष म्हणाला. "आजच ने. मी बॅग भरून देतो. बघू किती दिवस."

रुची आबांकडे वळली. "चला आबा. कपडे घ्या. आत्ता निघू."

कृष्णराव इतका वेळ खाली बघत होते. आता त्यांनी वर बघितलं, आणि रुचीला वाटलं होतं त्या डोळ्यांत पाणी असेल. तिथं राग होता, आणि तो तिच्यावर होता.

"तुला सांगितलं होतं की नव्हतं, दुसरं यंत्र घे म्हणून?"

"आबा, पण..."

"मला वारा बघायचा होता. पाऊस बघायचा होता. माझ्या घरात डोकवायला कुणी सांगितलं होतं तुला? चार महिने मी काढले इथं, कुणाला कळू दिलं नाही. आज अख्ख्या गल्लीला कळलं." ते धापा टाकत थांबले. मग हळू म्हणाले, "आणि कुठं नेतेस? तुझ्याकडे कुठली खोली आहे?"

रुची उत्तर द्यायला गेली आणि तिला डोळ्यासमोर आपला फ्लॅट दिसला. एक खोली त्यांची, एक सीताबाई आणि शिवांगीची, आणि हॉल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आबा त्या हॉलमध्ये, दिवाणावर राहिले होते. डोळ्यावर पट्टी. सीताबाईंना सकाळी टीव्हीवर आरती लावायची असायची, अंशुलचे मित्र यायचे, शिवांगी म्हणायची, आजोबा घोरतात, मला अभ्यास होत नाही. आठ दिवस राहायचं ठरलं होतं. चौथ्या दिवशी तिनं आबांना म्हटलं होतं, "तुम्हालाच इथं आराम मिळत नाहीये, नाही का?" आणि ते लगेच म्हणाले होते, "हो ग, मलाच घरची सवय." पिशवी तिनंच भरली होती.

"अंशुलना विचारते," ती म्हणाली.

"नको विचारूस," आबा म्हणाले. "विचारलंस तर तो हो म्हणेल. चांगला मुलगा आहे. मग चौथ्या दिवशी मलाच पुन्हा सांगावं लागेल, की मला घरची सवय आहे."

पीयूष तोंड फिरवून जिना उतरून गेला. ऋतिका पाण्याचा तांब्या ठेवून त्याच्यामागं गेली. रुची ट्रंकेवर बसली. पत्रा डोक्यावर कडकड वाजत होता. थोड्या वेळानं तिला खरंच भोवळ आल्यासारखं झालं. आबांनी ते ओळखलं आणि म्हणाले, "खाली जा. पार्लरात बस जरा. तुला सवय नाही."

ती खाली जाऊन बसली. गार हवेत, त्या उंच खुर्चीवर, समोरच्या आरशात स्वतःला बघत. ऋतिकानं लिंबू-पाणी आणून दिलं, ती ते प्यायली.  संध्याकाळच्या बसनं ती परत निघाली तेव्हा आबा फाटकापर्यंत आले, आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "पोचलीस की फोन कर." पीयूष आला नाही. त्यानंतर त्यानं तिला फोनही केला नाही. फॅमिली ग्रुपवर ती काही टाके, त्यावर बाकीच्यांचे अंगठे येत, त्याचा येत नसे. राखीला धारला जायचं की नाही याचा विचार ती आतापासून करत होती, आणि उत्तर तिला माहीत होतं.

घरी येऊन तिनं अंशुलला सगळं सांगितलं. तो खूप हळहळला. म्हणाला, "त्यांना इकडे आणायला पाहिजे. शिवांगीची परीक्षा होऊ दे, मग आपण नक्की बघू." रुची "हो" म्हणाली. भांडली नाही. भांडण्यासारखं तो काही बोललाच नव्हता.

आठवडाभर ती ॲप उघडायची आणि लगेच बंद करायची. बाहेर चव्वेचाळीस, आत सेहेचाळीस. मग एका दुपारी उघडलं तर आतला आकडा सव्वीस. तिला आधी खरंच वाटेना. बाहेर तितकंच ऊन, आत सव्वीस. ती उठून उभी राहिली. दादानं ऐकलं! आबांना खाली आणलं! तिनं लगेच फोन लावला.

"आबा, खाली आलात तुम्ही?"

"मी? नाही ग." पंख्याची घरघर तीच होती. "तो डबा खाली ठेवलाय. पार्लरात, आरशाच्या बाजूला. वर वाय-फाय नीट येत नव्हता."

"कुणी ठेवला?"

"मीच सांगितलं ऋतिकाला ठेवायला."

 वर वाय-फाय किती नीट येत होता हे रुचीइतकं कुणाला माहीत होतं?

"मग तुम्ही आकडे कसे बघता?" तिनं विचारलं. "पार्लरात तर तुम्ही जात नाही."

"बायकांच्यात कुठं जाऊ? तूच सांगत जा ना. तुला दिसतंच सगळं."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. दर रविवारी ती देवासहून धारच्या गच्चीवरचं हवामान कृष्णरावांना वाचून दाखवते, आणि ते त्या यंत्राखालीच, चार हातांवर, खाटेवर बसून ऐकतात. वारा कुठला? नैर्ऋत्येचा. जोर किती? कालच्यापेक्षा जास्त. "मग येईल लवकर," ते म्हणतात. शेजारचे पुन्हा रस्त्यातून विचारायला लागलेत, तेव्हा त्यांना सांगायला आकडा हवा असतो.

परवा सीताबाई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. फोन स्पीकरवर होता. रुचीनं बाहेरचं सगळं वाचून झाल्यावर मोबाइल खाली ठेवायला घेतला, तर सीताबाईंनी मान वाकवून पडद्यावर बघितलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "व्वा, आत तर सव्वीसच आहे व्याह्यांकडे. आपल्याकडे बघ, पस्तीसच्या खाली येत नाही. खाशी मजा आहे बाई त्यांची."

 पलीकडून आबांचा आवाज आला, मोकळा, पाहुण्यांशी बोलतात तसा.

"हो तर, विहीणबाई. या ना एकदा राहायला."

"येऊ, येऊ," सीताबाई म्हणाल्या आणि शेंगांचं ताट पुढं ओढलं.